सर्जरीच्या रेसिडेंट्सना निष्काळजीपणाचा कायदा कसा शिकवावा: कलमांपासून नको, केसपेपरपासून

विभागात नवा लेक्चरर आला की काही कामे आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. रेसिडेंट्सचे (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचे) मेडिकोलीगल, म्हणजे वैद्यकीय कायद्याचे, सत्र हे त्यांतलेच एक. मग ओळखीच्या वकिलांना बोलावले जाते, दीड तास कलमांची उजळणी होते आणि शेवटी 'डॉक्युमेंटेशन नीट ठेवा' असा सल्ला मिळतो. त्याच रात्री जेआर-१ (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) केसपेपरवर 'रुग्ण ठीक, सीएसटी' (तोच उपचार चालू ठेवा) एवढेच लिहून पुढच्या बेडकडे जातो. म्हणजे शिकवून झाले, पण हातात काही पडले नाही.

हे काम तुमच्याकडे पहिल्यांदाच आले असेल तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी आहेत. सगळ्यामागे एकच आग्रह आहे: रेसिडेंटला कायदा त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातून शिकवा. खटला उभा राहतो तो वर्षा-दोन वर्षांनी. तोवर रुग्ण, सिस्टर, रेसिडेंट सगळे पांगलेले असतात आणि त्या रात्री काय घडले हे सांगायला उरतो तो कागदच.

आधी जमवायचे साहित्य

- जुने इनडोअर पेपर, १० ते १२. त्यांत इमर्जन्सी लॅपरोटॉमी (तातडीने पोट उघडणे), हर्निया, लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढणे), डायबेटिक फूटचे अँप्युटेशन, एक 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेलेला रुग्ण) आणि एक मृत्यू असावा.
- या पेपरांसाठी विभागप्रमुख आणि रेकॉर्ड सेक्शन, दोघांची लेखी परवानगी. झेरॉक्सवरून रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन, नातेवाइकांची नावे आणि डॉक्टरांच्या सह्या काळ्या करा. डॉक्टरांच्या सह्या झाकायला लोक हमखास विसरतात, मग चर्चा केसवर न होता व्यक्तीवर होते.
- तुमच्याच रुग्णालयाची मराठी संमतीपत्रे, कोरी.
- ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) मॉप-इन्स्ट्रुमेंट काउंटची शीट, म्हणजे रक्त टिपायची कापडे आणि हत्यारे मोजल्याची नोंद, कोरी.
- खाली आलेल्या निकालांच्या प्रती. सारांश नकोत, मूळ निकाल द्या.
- माणसे: ग्राहक आयोगात प्रत्यक्ष उभे राहणारे एक वकील, फॉरेन्सिक मेडिसिनमधले एक सहकारी आणि रेकॉर्ड सेक्शनचे लिपिक. लिपिकांना नक्की बोलवा. कोणत्या युनिटचे पेपर अर्धवट येतात, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

वेळ: प्रत्येकी ७५ मिनिटांची सहा सत्रे. एका गटात १५ पेक्षा जास्त रेसिडेंट नकोत.

१. पहिल्या सत्रात चार दारे दाखवा

'केस झाली' हा शब्द रेसिडेंट सगळ्याला एकच वापरतो. एकाच घटनेवरून चार वेगवेगळ्या ठिकाणी तक्रार होऊ शकते आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न निराळा असतो, हे फळ्यावर मांडा.

ग्राहक आयोग: इथे नुकसानभरपाई मिळते. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सध्याचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. इथे भरपाईची मागणी नव्हे, मोजलेली रक्कम धरतात. तक्रारदार आपल्या राहत्या गावच्या आयोगातही दाद मागू शकतो. त्यामुळे पुण्यात ऑपरेशन झालेल्या रुग्णाची तक्रार लातूरला दाखल होऊ शकते.

दिवाणी न्यायालय: इथेही भरपाईच, पण साक्षीपुरावा सविस्तर आणि वेळ जास्त.

फौजदारी: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१). निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास एरवी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पण साधी चूक इथे पुरत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालाने घोर निष्काळजीपणाची अट घातली. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे, आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असेही त्यात सांगितले आहे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल: इथे पैसे मिळत नाहीत, प्रश्न नोंदणीचा असतो. २००२ चे आचारसंहितेचे विनियम आजही लागू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. जुन्या स्लाइड वापरणारे वक्ते इथे हमखास गोंधळ घालतात.

या सत्रातला मोठा गैरसमज असा: 'आपण सरकारी रुग्णालयात आहोत, आपल्याला काही होत नाही.' शांता निकालाने फक्त सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील तर तिथले मोफत रुग्णही ग्राहक ठरतात. आणि ग्राहक आयोगाचे दार बंद असले तरी बाकीची तीन उघडीच राहतात.

२. निष्काळजीपणाची व्याख्या पुण्याच्या खटल्यातून सांगा

बोलम कसोटीची (डॉक्टरांच्या जबाबदार गटाने तसेच केले असते का, हे पाहण्याची) व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला द्या. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले. भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवण्यात आले आणि त्याच दिवशी तो दगावला. डॉक्टरांची बाजू फॅट एम्बोलिझमची (रक्तवाहिनीत चरबी अडकल्याची) होती. न्यायालयाने शॉकचे (रक्ताभिसरण कोसळल्याचे) कारण ग्राह्य धरले.

या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: केस हाती घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. रेसिडेंट्सचे तीन गट करा आणि प्रत्येकाला एक कर्तव्य देऊन एकच जुना पेपर तपासायला सांगा. पहिल्या कर्तव्याचा गट बहुधा रिकाम्या हाताने परततो, कारण 'आपल्याकडे हे होईल का, की रेफर करायचे' हा विचार कोणी कागदावर लिहिलेलाच नसतो. तिथेच थांबून त्यावर बोला.

मग कॉम्प्लिकेशन आणि निष्काळजीपणा यांतला फरक घ्या. अॅनास्टोमोसिस लीक झाला (आतड्याचा शिवलेला जोड गळला) म्हणून कोणी दोषी ठरत नाही. चौथ्या दिवशी नाडी १२० असताना कोणी पोट तपासले नाही, तर प्रश्न उभा राहतो. वाजवी कौशल्य असलेल्या डॉक्टरांच्या एखाद्या जबाबदार गटाने तसेच केले असते का, एवढेच कायदा विचारतो. सर्वांत उत्तम काय झाले असते, हे तो विचारत नाही.

३. संमती: सही कोणी घेतली यावर अख्खे सत्र

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे संमती घेण्याचे काम जेआर-१ कडे असते, तेही रात्री, ओटीची यादी लावता लावता. ज्याने ते ऑपरेशन धड पाहिलेलेही नाही, तोच धोके समजावत असतो.

दोन निकाल पुरेसे आहेत. पहिला समीरा कोहली निकाल, २००८ चा. रुग्णाची संमती निदानासाठीच्या लॅपरोस्कोपीची होती. ती भुलेखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले. हेतू चांगला होता, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. सज्ञान, सक्षम रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर नातेवाइकाची सही चालत नाही. निदानाची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. दोन्हींची एकत्र संमती आधीच घेता येते, तशी घ्या.

दुसरा निकाल हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटचा, २००९ चा. छातीतल्या गाठीच्या एक्सिजन बायॉप्सीसाठी (निदानासाठी नमुना काढायला) आलेल्या तरुणाची पूर्ण गाठ काढली गेली आणि दोन्ही पाय लुळे पडले. न्यूरोसर्जनला सोबत घेतले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एक कोटी रुपये भरपाई ठरवली.

आता सराव. एक रेसिडेंट डॉक्टर, एक रुग्ण, तिसरा रुग्णाचा भाऊ. ऑपरेशन लॅप कोली. वेळ आठ मिनिटे. संभाषण साध्या मराठीत. 'कन्व्हर्जन' न म्हणता 'दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडावे लागेल' असे म्हणायला लावा. बाकीच्यांनी टिपायचे:

- आजार आणि ऑपरेशन कशासाठी, हे सांगितले का?
- दुसरा पर्याय, ऑपरेशन न करण्याचा धरून, सांगितला का?
- मोठे धोके नाव घेऊन सांगितले का? पित्तनलिकेला इजा, रक्तस्राव, पोट उघडावे लागणे.
- ऑपरेशन नाकारले तर काय होईल, हे सांगितले का?
- रुग्णाला प्रश्न विचारायला वाव दिला का, आणि त्याने काय विचारले ते लिहिले का?

कागदावर काय बिघडते तेही दाखवा. 'सर्व धोके समजावले' हा छापील मजकूर एकटा फार टिकत नाही. त्याखाली हाताने लिहिलेली दोन विशिष्ट वाक्ये त्याला वजन आणतात. ऑपरेशनचे नाव रिकामे ठेवून घेतलेली सही घातक. ओटीच्या टेबलावर घेतलेली सही तशीच. मराठी न समजणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्याचे नाव आणि सही हवी. अंगठा असेल तर साक्षीदार हवा, आणि तो युनिटमधला नसलेला बरा. इमर्जन्सीत जीव वाचवण्यासाठी संमतीवाचून ऑपरेशन करता येते. तेव्हा वेळ, कारण आणि नातेवाइकांना शोधण्याचा केलेला प्रयत्न लिहून दोन डॉक्टरांनी सही करण्याची सवय लावा.

४. ओटीतले सत्र ओटीतच घ्या

अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६. घटना औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमधली, जुलै १९६३ ची. बाळंतपणानंतर नसबंदीचे ऑपरेशन झाले, पोटात मॉप राहिला, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो सापडला, पण बाई वाचली नाही. पोटात मॉप राहणे हीच गोष्ट निष्काळजीपणा बोलून दाखवते, असे न्यायालयाने म्हटले आणि राज्य सरकारला जबाबदार धरले. पहिल्या टप्प्यात सांगितलेल्या 'सरकारी' गैरसमजाला याहून स्पष्ट उत्तर नाही. घटनेपासून निकालापर्यंत जवळजवळ तेहतीस वर्षे गेली; त्या तारखा फळ्यावर लिहा.

मग काउंट शीट भरून घ्या. काउंट किमान तीनदा: सुरुवातीला, पोकळी बंद करण्याआधी आणि त्वचा शिवण्याआधी. मॉप सुटे करून, मोठ्याने, दोघांनी मिळून मोजायचे. पाचाच्या गठ्ठ्यात चारच निघाले तर तो गठ्ठा पूर्ण बाहेर. मॉप कापून वापरायचा नाही. अर्धा मॉप काउंटमध्ये एक म्हणून जातो आणि दुसरा अर्धा पोटात राहतो. ड्यूटी मधेच बदलली तर जाणारी आणि येणारी सिस्टर मिळून पुन्हा मोजतात. काउंट जुळला नाही तर पोट बंद करायचे नाही: शोधा, सी-आर्म किंवा एक्स-रे घ्या आणि जे झाले ते ओटी नोटमध्ये लिहा. 'काउंट बरोबर आहे ना सिस्टर?' असे विचारून 'हो' ऐकणे म्हणजे काउंट नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टही याच सत्रात घ्या. ती ऑपरेशननंतर एकरकमी भरली जाते, हे सगळ्यांना माहीत असते. तपासायला सोपे आहे: साइन-इनची (भूल देण्याआधी भरायच्या पहिल्या भागाची) वेळ भूल देण्याच्या नोंदलेल्या वेळेनंतरची असेल तर शीट नंतर भरली आहे. विरुद्ध पक्षाचे वकीलही पहिल्यांदा तेच पाहतात.

५. केसपेपरचे ऑडिट

दोन नोंदी शेजारीशेजारी दाखवा.

पहिली: 'रुग्ण ठीक. पोट मऊ. सीएसटी.'

दुसरी: 'रात्री ११.२०. संध्याकाळपासून पोटदुखी वाढली, एक उलटी. नाडी ११२, बीपी १००/६०, ताप १००.४. उजव्या बाजूला खाली दुखरे, गार्डिंग आहे. ड्रेन ४० मिलि, गढूळ. ११.३० ला रजिस्ट्रारना फोनवर कळवले. सूचना: तोंडाने काही नाही, रक्त पाठवा, सीटी आत्ताच. ११.५० ला रजिस्ट्रार पाहून गेले.'

दुसरी लिहायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. रुग्ण पुढे दगावला तरी या नोंदीतून दिसते की कोणी तरी पाहिले, ओळखले आणि वर कळवले.

प्रत्येक रेसिडेंटला एक पेपर आणि ३० मिनिटे द्या. पाहायचे ते असे: प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, नाव आणि सही आहे का, डॉक्टरची नोंद आणि सिस्टरचा चार्ट जुळतो का (डॉक्टर लिहितात ताप नाही, चार्टवर १०२), ओटी नोटमध्ये ऑपरेशन कोणी केले, मदतीला कोण आणि वरिष्ठ वॉश होते (हात धुऊन ऑपरेशनमध्ये सामील) की नुसते हजर, रक्तस्राव, काउंट, ड्रेन, हिस्टोपॅथॉलॉजीला काय पाठवले, डिस्चार्ज कार्डवर धोक्याची लक्षणे रुग्णाला कळेल अशा भाषेत आहेत का.

ओटी नोटचा साचा कॉपी-पेस्ट करण्यावर वेगळे बोला. पित्तनलिकेला इजा झालेल्या पेपरात 'कॅलोज ट्रँगल स्पष्ट दिसला' (पित्तनलिका ओळखायची जागा नीट दिसली) हे तयार वाक्य तसेच राहिले असेल, तर तेच एक वाक्य पुढे प्रत्येक प्रश्नात वापरले जाते.

चूक दुरुस्त करायची रीत एकच: एक रेघ, खालचा शब्द वाचता यावा, शेजारी वेळ आणि सही. व्हाइटनर नाही, पान फाडणे नाही, ओळींच्या मधे कोंबून लिहिणे नाही. उशिरा लिहायचे असेल तर 'उशिरा केलेली नोंद' असे शीर्षक देऊन लिहिण्याची खरी वेळ टाका. उपचार बरोबर असूनही, नंतर फिरवलेल्या कागदामुळे चांगली बाजू हातची जाते.

रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात आणि इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागते. ही किमान मर्यादा आहे. लहान मुलांचे, मृत्यूचे आणि वाद झालेल्या केसचे पेपर त्याहून जास्त जपा. मुंबईत १९९३ ला झालेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तक्रार २००४ मध्ये दाखल झाली होती, पोटातले गॉझ २००२ मध्ये सापडल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली, पण तिथपर्यंत लढावे लागलेच.

६. वर कळवणे हेच रेसिडेंटचे संरक्षण

इंग्लंडमधला १९८६ चा विल्शर निकाल इथे कामाचा आहे. तो आपल्यावर बंधनकारक नाही, पण रेसिडेंटची जागा इतकी नेमकी दुसरीकडे सापडत नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला कनिष्ठ डॉक्टरने कॅथेटर धमनीऐवजी शिरेत घातला आणि वरिष्ठाकडून तपासून घेतला. वरिष्ठाच्याही लक्षात आले नाही. नवखेपणाची सबब अपील न्यायालयाने मानली नाही. पण वरिष्ठाला विचारल्यामुळे कनिष्ठाने आपले कर्तव्य केले, असे धरले.

यातून युनिटचा लेखी नियम तयार करा: कोणत्या वेळी फोन करायचाच. नाडी, बीपी किंवा लघवी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, रक्त द्यावे लागले, ऑपरेशन बदलले, 'डामा'ची मागणी झाली, नातेवाईक चिडले. फोन उचलला नाही तर पुढचा कोणाला, हेही त्यात हवे. हा नियम फक्त रेसिडेंटसाठी नाही. रात्री फोन आल्यावर ओरडणारा वरिष्ठ युनिटमध्ये असेल तर आधी त्याच्याशी बोला, नाहीतर सहाही सत्रे वाया जातील.

७. नोटीस आली तर

हा एका पानाचा कागद करून ड्यूटी रूममध्ये लावा.

१. लिफाफा जपा, मिळाल्याची तारीख लिहा. ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाली की लेखी उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. २०२० मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले आहे की ४५ दिवसांपुढे एक दिवसही मिळत नाही.
२. त्याच दिवशी युनिट हेड, लीगल सेल आणि विमा असेल तर विमा कंपनी यांना लेखी कळवा.
३. मूळ पेपर रेकॉर्ड सेक्शनमध्ये सील, पानांना क्रमांक, काम झेरॉक्सवर.
४. मूळ पेपरात एक अक्षरही घालायचे नाही.
५. आठवते ते वेगळ्या कागदावर, फक्त वकिलांसाठी.
६. नातेवाइकांना परस्पर फोन नाही. केसबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळही नाही.
७. पोलीस आले तर सहकार्य करा, पण कागदपत्रे लेखी मागणीवर आणि पोचपावती घेऊनच द्या.

विम्याबद्दल रेसिडेंट्स क्वचितच विचारतात. इंडेम्निटी पॉलिसी (डॉक्टरवरच्या भरपाईच्या दाव्यांचा विमा) साधारणपणे दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असावी लागते. कोर्स संपल्यावर ती बंद केली तर आधीच्या कामाचा दावा उघडा पडतो. कॉलेजचे संरक्षण रेसिडेंटला आहे का, हे प्रशासनाकडून लेखी घ्या. परवानगीवाचून बाहेर केलेल्या लोकमला (दुसऱ्या डॉक्टरच्या जागी केलेल्या तात्पुरत्या कामाला) ते असणार नाही, हे स्पष्ट सांगा.

८. उलटतपासणीचा सराव

शेवटचे सत्र वकिलांचे, पण भाषण नको. पाचव्या सत्रातलाच एक पेपर द्या आणि वेळेत बसतील तितक्यांना प्रत्येकी दहा मिनिटे उभे करा. ग्राहक आयोगात पुरावा बहुतेक प्रतिज्ञापत्रावर चालतो. दिवाणी आणि फौजदारीत पिंजऱ्यात उभे राहावे लागते. रेसिडेंट इथे एकच चूक पुन्हा पुन्हा करतो: आठवत नसलेले सांगतो. 'मला आठवत नाही, नोंदीत असे लिहिले आहे' हे उत्तर घोटून घ्या. नोंदच नसेल तर काय वाटते, ते त्या दहा मिनिटांत त्याला कळते.

९. शिकवताना टाळायच्या गोष्टी

भीती घालू नका. घाबरलेला रेसिडेंट प्रत्येक पोटदुखीला सीटी सांगतो आणि अवघड रुग्ण रात्री रेफर करून मोकळा होतो. त्यात रुग्णाचेच नुकसान. विभागात चालू असलेली केस उदाहरणाला घेऊ नका. मॉर्टॅलिटी मीटिंगची (विभागातल्या मृत्यूंच्या आढावा बैठकीची) इतिवृत्ते गोपनीय राहतील असे गृहीत धरू नका. चर्चा मोकळी करा, पण लिहिताना कोणावर ठपका न ठेवता वैद्यकीय तथ्य लिहा. कॉम्प्लिकेशन झाल्यावर नातेवाइकांशी बोलायला रेसिडेंटला एकटे पाठवू नका. वरिष्ठाने जावे, काय झाले आणि आता काय करतोय ते सांगावे, आणि कोणाशी, किती वाजता बोलणे झाले ते पेपरावर यावे.

पहिले आणि पाचवे सत्र नव्या बॅचच्या पहिल्या इमर्जन्सी ड्यूटीआधी घ्या. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीच्या (जिल्हा रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) तीन महिन्यांसाठी जाणाऱ्यांचे संमतीचे सत्र निघण्याच्या आठवड्यात पुन्हा घ्या. तिथली संमतीपत्रे वेगळी असतात आणि रात्री शेजारी युनिट नसते. म्हणून रात्री कोणाला फोन करायचा त्याची यादी, क्रमाने तीन नावे, जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनांकडून लेखी मागवून रेसिडेंटच्या हातात द्या.